टाळ ऐकू येणारच, घरघर मात्र जायला हवी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बदलापूर ते सीएसएमटी, येऊन-जाऊन रोजचे तीन तास, लेडीज डबा. अडीच हजारांचे इअरबड्स घेतलेत, खोक्यावर '५० डीबी नॉइज कॅन्सलेशन' असं छापलंय, आणि तरी समोरच्या सीटवरच्या गप्पा आणि सकाळच्या भजनातले टाळ जसेच्या तसे कानात येतात. उलट एएनसी, म्हणजे बड्समधलं हे नॉइज कॅन्सलेशन, लावलं की गप्पा जास्तच स्पष्ट येतात असं वाटतं. पीस खराब आहे का, आणि अजून दोन-तीन हजार घालून वरचं मॉडेल घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

पीस बहुधा चांगला आहे. आणि पैसे आत्ता घालू नका.

मी अठरा वर्षं अंधेरीत एका डबिंग स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करते. राहते डोंबिवलीला, दादरला गाडी बदलते. म्हणजे दिवसभर कानावर मोठे हेडफोन आणि येता-जाता कानात बड्स. तुम्ही म्हणताय तो अनुभव मला पहिल्या आठवड्यातच आला होता, आणि त्याचं कारण आमच्या रोजच्या कामातच होतं.

लोकलच्या डब्यात दोन तऱ्हेचे आवाज असतात. एक खालचा, जाड, सतत चालणारा: चाकांची घरघर, मोटरचा हुंकार, डब्याच्या पत्र्याची थरथर, डोक्यावरचे पंखे. दुसरा वरचा, पातळ आणि तुटक: बोलणं, हसणं, टाळ, हॉर्न, कानातले विकणाऱ्या मावशींची हाक. एएनसी पहिल्यासाठी बनलंय. दुसऱ्यावर त्याचा जोर फार थोडा चालतो, आणि ते अडीच हजारांच्या बड्सना जितकं लागू आहे तितकंच पंचवीस हजारांच्या बड्सनाही. फरक असतो, पण तुम्हाला हवाय तेवढा नसतो.

असं का? एएनसी म्हणजे बड्सवरचा माइक बाहेरचा आवाज ऐकतो, आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर बनवते आणि स्पीकर ती कानात सोडतो. चढ आला तिथे उतार टाकला की दोन्ही मिळून सपाट. हे जमायला उलटी लहर वेळेत पोचली पाहिजे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. गाडीची १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांची, घरघर धरली तर तिची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, सावकाश चढते-उतरते, चिपला तिच्याबरोबर चालता येतं. टाळांचा खणखणाट किंवा 'स', 'श' हे उच्चार ३,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतात. तिथे एक लहर जेमतेम अकरा सेंटिमीटरची, किंवा त्याहून लहान. चिपने जरा उशीर केला की उतारावर उतार पडतो आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढायची भीती. म्हणून साधारण १,००० हर्ट्झच्या वर बहुतेक बड्समधलं एएनसी हात आखडता घेतं. तिथून पुढे कानाला वाचवतं ते बडच्या टोकाचं, कानात जाणारं रबर.

मुळात हे तंत्र जन्मलं ते असल्याच घरघरीसाठी. आवाजाने आवाज मारायचं पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला अमेरिकेत १९३६ मध्ये मिळालं होतं, पण ते प्रत्यक्ष कानापर्यंत यायला फार वर्षं गेली. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये विमानप्रवास करत होते, इंजिनाच्या आवाजात हेडफोनवरचं संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच या कल्पनेची आकडेमोड मांडली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला १९८९ मध्ये. विमानाचं इंजिन तासन् तास एका सुरात घरघरतं. आपल्या साध्या लोकलची दारं उघडी, रुळांच्या सांध्यांची खडखड, बाजूने दुसरी गाडी सुसाट गेली की एकदम झपाटा. एसी लोकलमध्ये किंवा भुयारातून जाणाऱ्या मेट्रो ३ मध्ये हेच बड्स लावून बघा, पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल, कारण तिथे दारं बंद आणि आवाज एकसारखा.

आता, एएनसी लावल्यावर गप्पा जास्त स्पष्ट का येतात? तुमचा कान बरोबर सांगतोय. जाड खालचा आवाज वरच्या पातळ आवाजांना झाकतो. आमच्या स्टुडिओत एसीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये आली तर कलाकाराचं बोलणं दबल्यासारखं येतं. मी ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापते आणि तोच आवाज एकदम पुढे येतो, शब्दांना कडा येतात. कलाकाराने काहीच वेगळं केलेलं नसतं, मी फक्त त्याच्यावरचं पांघरूण काढलेलं असतं. तुमच्या बड्सनी डब्याच्या घरघरीचं पांघरूण काढलं आणि त्याखालच्या गप्पा मोकळ्या झाल्या. म्हणजे तुमचं एएनसी चालतंय. त्याच्या जोडीला जे काम रबरने करायला हवं, ते होत नाहीये.

सगळ्यात जास्त वेळ मी या रबरावर घालवणार आहे, कारण दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात. बड्सच्या चार्जिंगच्या डबीबरोबर लहान-मध्यम-मोठी अशी तीन जोड रबरं येतात. मधली आधीच बसवलेली असते आणि बहुतेक लोक बाकीची पाकिटातून बाहेरही काढत नाहीत. बायकांच्या कानाची भोकं बऱ्याचदा लहान असतात, मधलं रबर आत जातच नाही, नुसतं तोंडाशी टेकून राहतं. शिवाय दोन्ही कान सारखे नसतात. माझ्या डाव्या कानाला लहान लागतं, उजव्याला मध्यम. हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर त्याच बड्समध्ये मला वेगळीच वस्तू घेतल्यासारखं वाटलं. बारीकशी फट राहिली तरी आधी खालचा आवाज आत शिरतो, म्हणजे नेमकं एएनसीच्याच कामावर पाणी, आणि गाण्यातला बेसही त्याच फटीतून निघून जातो.

आज रात्री घरी हे करून बघा. पंखा पाचवर लावा, त्याच्या खाली उभ्या राहा, बड्स घाला, एएनसी चालू, गाणं बंद. दहा सेकंद थांबा. मग एका बोटाने बड हलकेच आत दाबा. दाबल्यावर पंख्याचा आवाज आणखी उतरला तर तुमचं रबर नीट बसलेलं नाही, मग ते लहान असो की मोठं. दाबून काही फरक पडला नाही तर ते बरोबर बसलंय. दोन्ही कानांना वेगवेगळं करा, तिन्ही मापं फिरवून बघा. घालताना विरुद्ध हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानातली वाट सरळ होते, मग बड आत ठेवून जरा पिळायचा. बसल्यावर 'ओम' म्हणून बघा: स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर समजा कान बंद झाला. पावलंही धपधप वाजतील. ती खूण चांगली आहे, दोन दिवसांत सवय होते.

सिलिकॉनच्या तिन्ही मापांनी जमलं नाही तर फोमची टोकं घ्या. बोटांनी चुरगळून बारीक करायची, कानात ठेवायची, तीस सेकंद धरायची, ती आत फुगतात. काही शे रुपयांत जोडी मिळते. गप्पा आणि टाळ यांवर तुमच्या बजेटमधला हा सगळ्यात जोरदार उपाय आहे, वरच्या मॉडेलपेक्षाही. फक्त दोन गोष्टी बघा. बडचं नळकांडं गोल आहे की लांबट, कारण टोकं त्याप्रमाणे येतात. आणि ती लावून डबीचं झाकण पूर्ण बंद होतंय ना, नाहीतर रात्रभर चार्जिंगच होत नाही. फोम घामाने लवकर खराब होतं, दोन-तीन महिन्यांनी बदलावं लागतं.

आता खोक्यावरचा तो आकडा. डीबी म्हणजे डेसिबल, आणि ते सरळ मोजमाप नाही. २० डेसिबल कमी म्हणजे ध्वनिदाब दहाव्या हिश्श्यावर, आणि कानाला साधारण दर १० डेसिबलला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो. खोक्यावर छापतात तो आकडा बहुतेक वेळा एखाद्याच फ्रिक्वेन्सीवरचा सगळ्यात चांगला असतो, प्रयोगशाळेत, कान नीट बंद असताना. सगळीकडे ५० डेसिबल कमी झाले असते तर डब्यात बसून तुम्हाला समोरच्या बाईचं बोलणं पुसटसं आलं असतं. २०२४ मध्ये आलेल्या वनप्लस नॉर्ड बड्स ३ प्रो, रिअलमी बड्स एअर ६ आणि सीएमएफ बड्स प्रो २ या तिघांवर ४९, ५० आणि ५० असे आकडे आहेत. यावरून कोणता चांगला हे ठरवता येत नाही. ४९ वाला तुमच्या कानात घट्ट बसला तर तो ५० वाल्याला सहज मागे टाकेल.

खोक्यावर आकड्यापेक्षा 'हायब्रिड' हा शब्द शोधा. एक माइक बाहेर आणि एक आत कानाच्या बाजूला, असे दोन्ही वापरले की आतला माइक शिल्लक राहिलेला आवाज ऐकून दुरुस्ती करत राहतो. आणि एका शब्दाला फसू नका: ईएनसी. ते समोरच्या माणसाला तुमचा आवाज स्वच्छ जावा यासाठी असतं, तुमच्या कानातला गोंगाट त्याने कमी होत नाही. 'क्वाड माइक' वगैरेही पुष्कळदा त्याचसाठी. माझा पहिला स्वस्त बड असाच घेतला गेला. दुकानदार 'नॉइज कॅन्सलेशन आहे मॅडम' म्हणाला, ते खोटं नव्हतं, पण ते फोनवर बोलणाऱ्यासाठी होतं. हजार-बाराशेच्या आत जे मिळतं त्यात हा घोळ फार. तसंच रबर नसलेले, कानाच्या पाळीत नुसते अडकवायचे बड्स एएनसीसकट मिळतात. कानाला हलके वाटतात, पण उघड्या खिडकीत पडदा लावल्यासारखं त्यांचं काम. लोकलसाठी नकोत.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा, कानात घालायच्या वस्तू काही ठिकाणी परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर दुकानातला एक्झॉस्ट पंखा किंवा एसी शोधा आणि त्याच्याखाली एएनसी चालू-बंद करून ऐका. खऱ्या एएनसीत बटण दाबल्यावर सेकंदाभरात खालची घरघर खाली बसते, कळतंच. फर्स्ट कॉपीमध्ये, म्हणजे नकली मालात, बटण दाबलं की नुसता एक आवाज येतो आणि बाकी काही बदलत नाही. बिल पक्कं घ्या. ही वस्तू वर्षभरात एकदा तरी सर्व्हिसला जाते, आणि बिलाशिवाय तिथे कुणी बघत नाही.

आणि एक पर्याय, जो ऐकायला मागासलेला वाटेल. तुमची खरी तक्रार घरघरीची नसून गप्पांची असेल, तर हजाराच्या आसपासचे कानात खोल बसणारे वायरचे इअरफोन आणि त्यावर फोमची टोकं, हे गप्पा आणि टाळ अडवण्यात तुमच्या आत्ताच्या बड्सपेक्षा पुढे जातील. चार्जिंग नको, गर्दीत एक बड पडून रुळावर जायची भीती नाही. घरघर मात्र थोडी जास्त राहील. बऱ्याच फोनना आता जॅक नसतो, त्यामुळे टाइप-सी वायरचे बघावे लागतील. दोन्हींतलं काय त्रास देतं हे तुमच्या कानाला माहीत. मला स्वतःला घरघर जास्त थकवते, दादरला उतरेपर्यंत डोकं जड होतं, म्हणून मी एएनसी ठेवते. काहींना एएनसीनेच कानात दडपण आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्ष हवेचा दाब काही वाढत नाही, खालचे आवाज अचानक गेल्यावर मेंदू तसं समजतो. अ‍ॅपमध्ये एएनसीची पातळी असेल तर मधली ठेवून बघा. तरीही डोकं दुखत असेल तर वायरवालेच तुमचे.

आता ज्यासाठी मी इतकं लिहिलं ते. एएनसीचा खरा फायदा शांततेपेक्षा आवाजाच्या पातळीचा आहे. डबा गोंगाटाचा असतो, गाणं त्याच्यावर चढवायला आपण आवाज वाढवत जातो आणि कान सरावतो. जागतिक आरोग्य संघटनेने आणि आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं जे प्रमाण दिलं त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर ५. तुमचे आठवड्याचे सहा दिवस धरले तर १८ तास होतात. म्हणजे तुम्हाला ८३ च्या पुढे जायची सोयच नाही.

माझ्या एका सहकाऱ्याचं मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेलं रेकॉर्डिंग, हळूहळू टोचायला लागलं होतं. प्रत्येक 'स' सुईसारखा. त्याला मात्र ते बरोबर वाटायचं, उलट 'वरचं कमी पडतंय' म्हणून तो आणखी वाढवायचा. शेवटी कान तपासले तर ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. मोठ्या आवाजाने कान जातो तो नेमका असाच, आधी त्या भागात. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. तो स्टुडिओत आहे अजून, पण शेवटचं मिक्स आता दुसरं कुणीतरी ऐकून पाठवतं. ते बघताना फार वाईट वाटतं.

म्हणून माझी पद्धत सांगते. रात्री घरात सगळं शांत असताना आवाज आरामात ऐकू येईल इतका लावा आणि फोनवर किती दांड्या आहेत ते लक्षात ठेवा. डब्यात त्याच्यावर दोनच दांड्या. तेवढ्यात शब्द कळत नसतील तर आवाज वाढवू नका, आधी रबर तपासा. मग अ‍ॅपच्या इक्वलायझरमध्ये बेस थोडा उतरवा. स्वस्त बड्समध्ये बेस मुद्दाम फुगवलेला असतो, आणि पॉडकास्ट किंवा कथावाचन ऐकताना तोच शब्दांना झाकतो. गप्पा नकोशा असतील आणि गाणंही नको असेल, तर तानपुरा लावून बघा, अगदी हळू. तानपुऱ्याच्या वरच्या स्वरांची जी दाटी असते तिच्यात बोलण्याचे शब्द विरघळतात. पावसाच्या आवाजानेही होतं, पण मला तानपुरा जास्त चालतो.

बाकीच्या गोष्टी पटापट. दारात उभ्या असाल तर वारा बाहेरच्या माइकवर आदळतो आणि कानात भसाभस आवाज येतो. तेव्हा एएनसी बंद करा, नुसतं रबर पुरतं. ओढणी किंवा स्कार्फ बडवरून गेला तरी तसंच खसखसतं. गर्दीच्या स्टेशनवर आवाज तुटत असेल तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये आवाज पाठवायच्या पद्धतींपैकी एलडॅक बंद करून एएसी किंवा एसबीसी ठेवा. एलडॅकला जास्त डेटा लागतो आणि एवढ्या ब्लूटूथच्या गर्दीत तो पोचत नाही. फोन आला तर बडवरून बोलू नका, माइक तोंडापासून लांब असतो, समोरच्याला अख्खा डबा ऐकू येतो.

एका बाजूचा आवाज किंवा एएनसी कमी झालं तर आधी जाळी बघा. मळाचा पातळ थर बसलेला असतो. जाळी खाली करून कोरड्या मऊ टूथब्रशने झटका, टाचणी घालू नका. पावसाळ्यात आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील इतकंच, आणि तो आकडा बहुधा बड्सचा असतो, डबीचा नव्हे. ओले बड्स डबीत टाकायचे नाहीत. ओल्या कानात तर अजिबात घालू नका, दमट हवेत कानात बुरशी धरते आणि मग ईएनटीच्या चकरा. बड्स कुणालाही वापरायला देऊ नका, मैत्रिणीलासुद्धा.

फलाटावर आणि जिन्यावर मात्र एएनसी पूर्ण बंद किंवा ट्रान्स्परन्सी, म्हणजे बाहेरचा आवाज मुद्दाम आत ऐकवणारा मोड. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. बड्स नेमकी गाडीचीच घरघर खातात, आणि मागून येणारी गाडी तुम्हाला आधी त्याच घरघरीने कळते. फलाटाच्या कडेने चालताना किंवा रस्ता ओलांडताना ती ऐकू आलीच पाहिजे.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की गाणं वगैरे न लावता नुसतं एएनसी चालू ठेवून झोपलं तर चालतं का. चालतं, कानाला काही होत नाही, मी रोज तेच करते. सकाळी सीएसएमटीला गाडी संपतेच, त्यामुळे काळजी नाही. परतीची कर्जत किंवा खोपोली गाडी असेल तर अंबरनाथच्या वेळेला फोनवर थरथरणारा गजर लावा आणि फोन पर्समध्ये न ठेवता हातात ठेवा, कारण 'पुढील स्टेशन बदलापूर' तुम्हाला नीट ऐकू येईलच असं नाही.